सातव्या दिवसाची चाळण

"अधूनमधून पावडरचं दूध देतेस की नाही तिला?" तांदळातून हात न काढताच नशवाने विचारलं. "आत्तापासून सवय लाव बाई. चाळिसाव्या दिवसानंतर एकदम बाटली तोंडात दिली, तर कैरोपर्यंत विमान डोक्यावर घेईल ती. आणि मांडीवर कुणाच्या असणार? माझ्याच."

रिहाम थर्मास भरायला स्वयंपाकघरात आली होती. किटलीतलं पाणी थर्मासच्या तोंडावरून वाहून ओट्यावर पसरलं, तेव्हा तिचं लक्ष गेलं.

"कुठलं विमान, ताई?"

नशवाने मान वर केली. रिहामच्या नवऱ्याची, वाएलची, ही थोरली बहीण आईबरोबर बाळंतपणासाठी इजिप्तमधल्या तंटाहून चीनमध्ये यीवूला आली होती, आणि आल्यापासून ह्या परक्या स्वयंपाकघरात सतत काही ना काही शोधत होती. मोठं पातेलं, जिरं, ओव्हन. आत्ता तिला शब्द सापडेना.

"वाएल बोलला नाही तुझ्याशी?"

"काय बोलायचं होतं त्याने?"

"अगं, मला वाटलं हे तुझंच म्हणणं आहे. तो म्हणाला, रिहामचीही तशीच इच्छा आहे. दुकान, कंदिलांचा हंगाम, कारखान्यांच्या खेपा. लेकराला घेऊन तू कुठे कुठे फिरणार? तर आम्ही परत जाताना तिला घेऊन जायचं. शाळेचं वय होईपर्यंत." नशवाने हात झटकले. तांदळाचे दाणे फरशीवर उडाले. "आईने तर कपाटात जागासुद्धा करून ठेवली आहे."

आतल्या खोलीत बाळ नुसतंच कुरकुरलं आणि रिहामच्या छातीत दूध दाटून आलं, कपड्याला ओल लागली. सात दिवसांत तिच्या अंगाला एवढं कळू लागलं होतं. घरातल्या बाकी कुणाला ते कळलेलं दिसत नव्हतं.

"माझी इच्छा," ती म्हणाली. "असं म्हणाला तो?"

"रिहाम, आत्ता नको. बाहेर बायका जमल्या आहेत."

"ताई, तांदूळ धुवा तुम्ही."

हॉलमध्ये कुणीतरी पितळी खलबत्ता उचलून पाहत होतं. त्याचा एक ठणत्कार आत आला आणि पाठोपाठ हसण्याचा आवाज. तो खलबत्ता सासूबाईंनी कपड्यांत गुंडाळून तंटाहून आणला होता. विमानतळावर बॅग उघडायला लावली तेव्हा त्या अधिकाऱ्यावर अशा ओरडल्या होत्या की त्याने पुन्हा आपणहून बॅग बंद करून दिली. बाळाच्या सातव्या दिवसाच्या विधीला वाटायच्या प्लास्टिकच्या सोनेरी डब्यासुद्धा त्यांनी तिथूनच आणल्या होत्या. शंभर डब्या. त्या ह्याच शहरात, नदीपलीकडच्या एका कारखान्यात बनतात आणि मागच्या वर्षी त्यांचा माल तपासून पेट्या बंद करून घ्यायला रिहाम स्वतः उभी होती, हे तिने सासूबाईंना सांगितलं नव्हतं. त्यांचा आनंद कशाला मोडायचा, असं वाटलं होतं तिला. तेव्हा वाटलं होतं.

* * *

वाएल बाल्कनीत फोनवर होता. बायकोने काचेवर टकटक केली तेव्हा त्याने बोट वर करून एक मिनिट मागितलं. तिने दारच उघडलं.

"आत ये."

"अगं, अलेक्झांड्रियाचा माणूस आहे लाइनवर..."

"आत ये, वाएल."

खोलीत आल्यावर त्याने आधी बाळाकडे पाहिलं. ती झोपली होती, मुठी कानांशी घेऊन, कुणीतरी पिस्तूल रोखल्यासारखी. त्याला हसू आलं आणि बायकोचा चेहरा पाहून ते गेलंही.

"नशवाने सांगितलं," रिहाम म्हणाली.

"ह्या नशवाला तोंड म्हणून..."

"तिला शिव्या घालू नकोस. तिने तरी सांगितलं."

"मी सांगणारच होतो. चाळिसावं होऊ दे, तुझी तब्येत सुधारू दे, म्हणजे मग शांतपणे..."

"शांतपणे तिकीट दाखवणार होतास."

त्याने दार लोटून घेतलं. दाराबाहेर अर्ध्या शहरातल्या ओळखीच्या बायका बसल्या होत्या, येमेनच्या, सुदानच्या, इजिप्तमधल्याच दमिएत्ताच्या. उद्या बाजारात त्यांचे नवरे भेटणार होते.

"हे बघ," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तू नव्हतीस तर काय झालं माहीत आहे? त्या कंदिलवाल्या माणसाने मला काहीतरी विचारलं. मी मान हलवली. आता एक कंटेनर भरून जांभळे कंदील तयार आहेत. जांभळे! रमजानला जांभळा कंदील कोण घेणार? तू असतीस तर झालं असतं का असं?"

"नसतं झालं."

"मग? मी काय चुकीचं बोलतोय?"

त्याला खरंच कळत नव्हतं. तो इतकी वर्षं ह्या शहरात होता आणि त्याचं सगळं चिनी एका कॅल्क्युलेटरवर चालायचं. आकडा दाखवायचा, समोरच्याने दुसरा आकडा दाखवायचा. मग लग्न झालं, रिहाम आली, पहिले चार महिने ह्याच खोलीत बसून रडली, आणि एक दिवस पिशवी घेऊन खालच्या भाजीबाजारात गेली. कोथिंबीर मागून आणली. दुसऱ्या दिवशी भाजीवालीशी भांडून आली. वर्षभरात ती कारखान्याच्या मालकांशी त्यांच्या सासवांबद्दल गप्पा मारू लागली आणि वाएलच्या हातातला कॅल्क्युलेटर सुटला. आता तो तिच्यावाचून बाजारात गेला की त्याला आपण पाण्यात बुडालेला माणूस आहोत असं वाटायचं. ही गोष्ट त्याने तिला कधी सांगितली नव्हती. सांगायची कशी असते ते त्याला ठाऊक नव्हतं.

"तिला कापडात पाठीशी बांधीन आणि कारखान्यात येईन," रिहाम म्हणाली. "इथल्या बायका येत नाहीत?"

"त्या रंगाच्या वासात? माझ्या मुलीला?"

"आता तुझी मुलगी झाली! आणि पाठवून देताना कुणाची होती?"

"पाठवून काय, दरीत ढकलतोय का मी तिला? माझ्या आईकडे जाणार आहे. इथे सगळेच ठेवतात गावी. ती समोरची फांग मावशी, तुझी लाडकी, तिने नाही ठेवली आपली मुलगी? आणि मी? मी आजीकडेच वाढलो. काय बिघडलं माझं?"

"काय बिघडलं?" रिहामचा आवाज फुटला. "बायकोच्या तोंडात न बोललेली वाक्यं घालतोस आणि वर विचारतोस, काय बिघडलं! तुला घरात बायको नकोच आहे, वाएल. दुभाषी हवी आहे. तिला पोर झालं हीच तुझी अडचण."

दार उघडलं. सासूबाई, हाजा इनआम, आत आल्या. अंगावर ठेवणीतला निळा झगा, हातात खलबत्ता.

"बाहेर ऐकू जातंय," त्या म्हणाल्या. "चाळण मांडली आहे, मेणबत्त्या लावल्या आहेत. चला."

"आई, तुम्हाला ठाऊक होतं हे?" रिहामने विचारलं.

"ठाऊक? मीच म्हणाले त्याला."

* * *

हो, त्याच म्हणाल्या होत्या, आणि त्यात लाजण्यासारखं त्यांना काही दिसत नव्हतं. ही पोरगी रात्रभर जागी असते. दिवसा दोन घास खाते न खाते तोच फोनवर चिनीत बोलायला लागते. बाळंतिणीने असं राहायचं असतं? आणि लिफ्टमध्ये सिगारेट ओढणारी माणसं, खिडकीबाहेर ते पांढुरकं आभाळ. त्यापेक्षा तंटाच्या घरातली उन्हाची गच्ची काय वाईट?

पण ह्या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी मुलालाही सांगितली नव्हती. वाएलचा पहिला दात त्यांनी पाहिला नव्हता. त्याचं पहिलं पाऊल, त्याचा पहिला शब्द, काहीच नाही. तेव्हा त्या आणि त्यांचा नवरा कुवेतमध्ये होते. तो शिक्षक, त्या दवाखान्यात नर्स. वाएल आजीकडे, म्हणजे त्यांच्याच आईकडे, दुर्रीयाबाईंकडे. घर बांधून झालं, नशवाला शाळेत घातलं, मग त्याला घ्यायला आल्या. ह्या नातीचं नाव त्याने कुणाला न विचारता दुर्रीया ठेवलं होतं. फोनवर ते ऐकलं तेव्हा त्या "वा, वा" म्हणाल्या होत्या आणि त्यांनी लगेच फोन ठेवून दिला होता.

आता ह्या दुर्रीयाचा पहिला दात तरी त्या पाहणार होत्या. एवढंच मागणं होतं. त्यात काय मोठा गुन्हा होता?

"तू मला चोर समजू नकोस, पोरी," त्या सुनेला म्हणाल्या. "मी मुलं वाढवली आहेत."

"एक वाढवलं," दारातून नशवा म्हणाली. तिच्या हातांवर अजून तांदूळ धुतलेलं पाणी होतं. "दुसरं आजीने."

"तू गप्प बस."

"का गप्प बसू? आई, तुझे गुडघे धड नाहीत. जिना चढताना तुला माझा हात लागतो. उठून बाळाला कोण घेणार? लंगोट कोण बदलणार? नशवा. नशवाचा घटस्फोट झाला ना, मग ती मोकळीच आहे! मला कुणी विचारलं? मी परत नोकरी धरली आहे, हे तुम्हा दोघांपैकी एकाच्या तरी लक्षात आहे का?"

"अगं, नोकरी म्हणजे काय, अर्धा दिवस त्या ग्रंथालयात..."

"अर्धा दिवस माझा आहे!"

वाएल बहिणीकडे वळला. "काल तर तू तयार होतीस!"

"काल मला वाटलं हिला हवं आहे. हिला हवं असतं तर केलं असतं, रडत का होईना. तुझ्यासाठी करणार नाही. तुझे कंदील जांभळे झाले म्हणून मी बाटल्या उकळत बसू?"

बाळ जागं झालं. सगळे एकदम तिच्याकडे पाहू लागले, जणू निकाल तीच देणार होती. ती शिंकली. रिहामने तिला उचललं, छातीशी धरलं आणि सासूच्या, नवऱ्याच्या, नणंदेच्या मधून वाट काढत हॉलमध्ये गेली.

* * *

चाळण गालिच्याच्या मधोमध होती, पांढऱ्या जाळीच्या कापडाने सजवलेली, भोवती मेणबत्त्या. बायकांनी टाळ्या वाजवून बाळंतिणीचं स्वागत केलं. कुणीतरी मीठ उधळलं, ते रिहामच्या केसांत पडलं. तिने वाकून दुर्रीयाला चाळणीत निजवलं. टाके ओढले गेले. तिने दात आवळले.

नेमकी त्याच वेळी फांग मावशी आली. समोरच्या फ्लॅटची आणि ह्याही फ्लॅटची मालकीण ती. हातात लाल रंगवलेल्या अंड्यांची टोपली, पायांत घरातल्या सपाता. दारातूनच चिनीत तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"अनवाणी! फरशीवर अनवाणी! आणि केस धुतलेस? सांग, धुतलेस ना? महिनाभर पलंगावरून उतरायचं नाही म्हणून सांगितलं होतं मी. म्हातारपणी सांधे दुखतील तेव्हा मला आठवशील."

"फांग मावशी, आज आमचा विधी आहे."

"कसला विधी?"

"बाळावरून सात वेळा ओलांडायचं."

"कुणी? तू?" फांगने टोपली टेबलावर आदळली. "ओल्या बाळंतिणीला उड्या मारायला लावतात? ही तुझी सासू आहे की शिक्षा?"

"काय म्हणते ती?" हाजा इनआमनी विचारलं.

"तुम्हाला नमस्कार सांगते," रिहाम म्हणाली.

हाजा चाळणीपाशी बसल्या. गुडघ्यांनी कुरकुर केली, नशवाने हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. बत्ता खलात आपटून त्यांनी सुरुवात केली. त्या आवाजाने बाळाने डोळे विस्फारले. बायका हसल्या.

"चल रिहाम. बिस्मिल्ला म्हण आणि उचल पाऊल."

रिहाम उभी राहिली. झग्याची कड हातात धरली. चाळणीपाशी गेली.

आणि थांबली.

"मी ओलांडणार नाही," ती म्हणाली.

बत्ता हवेतच राहिला.

"माझी मुलगी कुठे राहणार आहे, हे वाएलने आधी सांगायचं. इथे, सगळ्यांसमोर. मला ठाऊक नसताना माझ्या नावाने ठरलं आहे की ती जाणार. मग मी कशाला ओलांडू? जिला वाढवायचं आहे तिने ओलांडावं."

कुणाच्या तरी हातातली प्लास्टिकची डबी खाली पडली आणि गडगडत सोफ्याखाली गेली. दमिएत्ताच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सुदानच्या म्हाताऱ्या उम्म अय्यूबने जिभेने चक्‌ असा आवाज केला. तो कुणाविरुद्ध होता, ते कळलं नाही.

"रिहाम," वाएल दाराच्या चौकटीला धरून उभा होता. "तमाशा करू नकोस."

"तमाशा तू केलास. मी फक्त दिवा लावला."

"हे बघा," तो बायकांकडे वळला, हसण्याचा प्रयत्न करत. "तुम्हीच सांगा, ह्यात एवढं काय आहे? सगळं शहर हेच करतं. ही समोर बसली आहे, हिनेही केलं. विचार ना. फांगला विचार, आई. रिहाम, विचार तिला."

"मी विचारू?" रिहाम म्हणाली. "माझ्याविरुद्धची साक्ष मीच काढायची?"

"मग दुसरं कुणाला येतं इथे चिनी?"

ते इतकं खरं होतं की एक दोन बायका हसल्याच. रिहामचे कान तापले. तिने फांगकडे तोंड केलं आणि जसं होतं तसं विचारलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

फांग अंड्याचं टरफल सोलत होती. "हो," ती म्हणाली. "ठेवली होती. माझ्या सासूकडे, गावी. आम्ही दोघं इथे कारखान्यात. न ठेवून करणार काय? बाळाला काय कळतं? दे पाठवून. तू तरुण आहेस, कमवायचे दिवस आहेत. माझी मुलगी बघ, शिकली, हांगचौला बँकेत आहे. काही बिघडलं नाही तिचं."

क्षणभर रिहामच्या मनात आलं, हे मी का सांगू? ह्या घरात कुणाला कळणार आहे? काहीही सांगता येईल. मग तिने बाळाकडे पाहिलं, आणि खोटं बोलून जिंकायचा तिला इतका राग आला की तिने सगळं सांगितलं. दे पाठवून, हेसुद्धा. काही बिघडलं नाही, हेसुद्धा.

"ऐकलंत?" वाएल म्हणाला. त्याचे खांदे सैल झाले. "ऐकलंस, आई?"

हाजा इनआमनी मान हलवली नाही. त्या फांगच्या हातांकडे पाहत होत्या. अंडं सोलून झालं होतं, तरी बोटं त्यावरून फिरतच होती, नसलेलं टरफल शोधत.

"तिला विचार," हाजा सुनेला म्हणाल्या, "मुलगी परत आली तेव्हा झोपायची कशी?"

"काय?"

"विचार म्हणते ना. पहिल्या पहिल्या दिवसांत. झोपायची कशी?"

रिहामने विचारलं. फांग हसली. हा काय प्रश्न झाला, असं काहीतरी म्हणाली. अंडं बशीत ठेवलं. पुन्हा उचललं.

"बूट घालून," ती म्हणाली. "झोपताना बूट काढू द्यायची नाही. मी झोप लागल्यावर काढायचे, सकाळी पाहावं तर पुन्हा पायात. म्हणायची, आजी न्यायला येईल, मग घालायला वेळ मिळणार नाही." तिने अंडं बशीत ठेवलं. "पुढे विसरली. मुलं विसरतात. आता ती वर्षातून एकदा फोन करते, नव्या वर्षाला. काकूशी बोलावं तशी बोलते. छान बोलते."

रिहामने हे अरबीत सांगितलं. शेवटचं 'छान बोलते'सुद्धा.

हाजा इनआमनी बत्ता हळूच खाली ठेवला.

लहानपणी त्या न्यायला गेल्या तेव्हा वाएलने असे बूट घातले नव्हते. हाजा इनआमना ते दार स्पष्ट दिसत होतं, तंटाच्या जुन्या घराचं. त्यांनी कुवेतहून निळी सायकल आणली होती. मुलाने सायकलकडे पाहिलंही नाही. तो आजीच्या शालीचं टोक मुठीत धरून तिच्या मागे उभा होता, आणि आजीने सांगितलं, अरे ही तुझी आई, तेव्हा त्याने नम्रपणे हात पुढे केला होता. हस्तांदोलनासाठी. पाहुणीशी करावं तसं. रात्री शालीचं ते टोक कात्रीने कापून त्याच्या मुठीत ठेवावं लागलं, तेव्हा कुठे तो त्यांच्याबरोबर गाडीत बसला.

"काय बिघडलं तुझं, विचारतोस ना?" त्या मुलाला म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता आणि म्हणूनच वाएल चौकटीपासून सरळ झाला. "तुझं नाही बिघडलं. तू छान बोलतोस माझ्याशी. फार छान बोलतोस. एकदा तरी भांडला आहेस? नशवा बघ, रोज माझा जीव खाते. तू कधी दार आपटलंस माझ्यावर?"

"आई, आता ह्या वेळी हे..."

"कधी आपटलंस?"

त्याला खरंच आठवत नव्हतं.

"आणि तू," त्या सुनेकडे वळल्या, "मला चार बायकांसमोर उभं केलंस. हे मी विसरणार नाही. माझ्या घरी हे झालं असतं तर तुला दाखवलं असतं."

"विसरू नका, आई," रिहाम म्हणाली. "मीही विसरणार नाही."

"बरं."

हाजांनी बत्ता दोन्ही हातांनी धरला आणि खलात असा हाणला की मेणबत्त्यांच्या ज्योती थरथरल्या. दुर्रीयाने हात उडवले.

"ऐक गं!" त्या नातीवर ओरडल्या. हे विधीतलंच होतं, प्रत्येक आजी ओरडते, आणि सगळ्या हसतात. "तुझ्या आईचं ऐक!"

ठण्‌.

"बापाचं ऐकू नकोस!"

ठण्‌. इथे नेहमी हशा होतो. कुणी हसलं नाही.

"आजीचंही ऐकू नकोस!" त्यांनी हाणलं. "आजीला गच्ची आहे, कपाट आहे, सगळं आहे! ऐकू नकोस! आईला सोडून जाऊ नकोस! कुणी न्यायला आलं तर भोकाड पसर! चाव!"

पितळेचा आवाज भिंतींना धडकत होता. नशवा तोंडावर हात धरून रडत होती की हसत होती, ते तिचं तिलाच माहीत. फांगने दोन्ही कान झाकले होते. रिहामने झग्याची कड उचलली आणि पहिलं पाऊल टाकलं.

तेवढ्यात जिन्यातून कुणाचा तरी आवाज आला. खालच्या मजल्यावरचे म्हातारे शू. ते एरवी खालून छतावर काठी आपटायचे, आज पायऱ्यांपर्यंत आले होते. काय चाललंय, दुपारची झोप, माणसं राहतात इथे, आठवडाभर ते पोर रडतंय, आता हे!

सगळ्यांनी सवयीने रिहामकडे पाहिलं. वाएलनेही.

"तू जा," ती म्हणाली.

"मी? मी काय बोलणार त्यांच्याशी?"

"जा, वाएल."

त्याने आईकडे पाहिलं. आईने बत्ता हाणला. बहिणीकडे पाहिलं. नशवाने डिशमध्ये मिठाई आणि दोन लाल अंडी ठेवली आणि ती त्याच्या हातात कोंबली. तो पायऱ्या उतरला. वर सगळ्यांना त्याचा आवाज ऐकू येत होता. त्याला येणारे शब्द बाजारातले: किती, महाग आहे, उद्या. त्याने ते तिन्ही म्हणून पाहिले. शूंचा आवाज आणखी चढला.

रिहाम ओलांडत राहिली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. पाय जड झाले होते, पोट ओढलं जात होतं, पण ती थांबली नाही. बायका मोजत होत्या. शेवटचं पाऊल पडलं तेव्हा उम्म अय्यूबने जीभ वळवून असा हर्षाचा चीत्कार केला की खाली शू क्षणभर गप्प झाले.

"रिहाम!" वाएलने खालून हाक मारली. "अगं, काय सांगू ह्यांना? ते बहुतेक विचारतायत, हे रडणं किती दिवस चालणार! ये ना खाली!"

तिने दुर्रीयाला चाळणीतून उचललं, खांद्यावर घेतलं आणि दारापर्यंत गेली. खाली उतरली नाही. जिन्याच्या वळणावर डिश धरून तिचा नवरा उभा होता, वर तोंड करून. शू कमरेवर हात ठेवून. मागे हॉलमध्ये खलबत्ता थांबला होता.

"त्यांना सांग," ती अरबीत म्हणाली, "माझी मुलगी इथे राहते."

वाएलने डिश दुसऱ्या हातात घेतली.

"इथे राहते, आपल्या आईबापाबरोबर. म्हणून रडणार. सांग."

"मला... चिनीत कसं म्हणतात ते?"

तिने सांगितलं. एकेक शब्द सुटा करून, पहिल्या वर्षी भाजीवालीने तिला सांगितला होता तसा. तो खाली मान घालून पुटपुटला. शूंनी कानामागे हात नेला.

"ऐकू गेलं नाही त्यांना," रिहाम म्हणाली.

त्याने पुन्हा म्हटलं. शब्द तुटले, स्वर चुकले, पण म्हटलं. शूंनी त्याच्याकडे, मग वर, तिच्या खांद्यावरच्या गाठोड्याकडे पाहिलं. डिशमधलं एक अंडं उचललं.

"परत म्हण," ती म्हणाली. "मोठ्याने. मला इथे ऐकू येऊ दे."